गल्लीचा फळा: साथीच्या दिवसांत आसपासची बातमी कशी चालवावी

एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रात वर्तमानपत्रं घरोघर टाकायला काही काळ मनाई होती. टीव्ही मात्र दिवसभर चालू असे. राज्यात कोरोनाचे किती रुग्ण, देशात किती, इटलीत किती, हे दर तासाला कळत होतं. कोपऱ्यावरची गिरणी आज उघडणार का, डायलिसिसला जायचं तर पोलिसांचा पास कसा मिळतो, पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्लीत दूधवाला कुठपर्यंत येतो, हे कुणी सांगत नव्हतं. माणसाचा दिवस तर याच गोष्टींवर चालतो.

ही बातमी गल्लीनं स्वतः गोळा करायची असते. ती कशी, ते इथे पायरीपायरीनं लिहितो आहे. २०२० आणि २०२१ मध्ये पुण्या-मुंबईतल्या सोसायट्या, चाळी, वाडे आणि वस्त्यांमधून असंख्य लोकांनी हे काम कुणी न सांगता केलं. कुठे ते महिनोन्‌महिने चाललं, कुठे आठवड्यात कोलमडलं. दोन्हींमध्ये मला एक मोठा फरक दिसतो: जिथे प्रत्येक बातमीवर वेळ घातली आणि शिळी झालेली बातमी खोडली, तिथे लोकांचा विश्वास टिकला. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

पुढची साथ कोरोनाचीच असेल असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएस (गीयन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, संशय पाण्यावर गेला, आणि घराघरांत एकच प्रश्न होता: आपल्या नळाला येणारं पाणी कुठलं, आणि टँकर कुठून भरून येतो? त्याचं उत्तरही त्या-त्या गल्लीतच शोधावं लागतं.

साहित्य

एक काळा फळा, खडू, ओलं फडकं. दोनशे पानी वही. सगळ्यांना पाठ होईल असा एक फोन नंबर. फोन साधा असला तरी चालतो. एक स्मार्टफोन. चार-पाच माणसं, त्यांतली निदान दोन बायका, कारण कित्येक घरांत दुपारच्या वेळी बाईशीच बोलणं होतं आणि बाई बाईलाच खरी अडचण सांगते. पैसे जवळजवळ लागत नाहीत. रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर मात्र लागतो, आणि तो रोज लागतो. आठवड्यातून तीनदाच जमणार असेल तर तसं फळ्यावर लिहून तीनदाच चालवा. अनियमित रोजच्यापेक्षा ते बरं.

१. हद्द आखा

शंभर ते दोनशे घरं. त्याहून जास्त नको. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सात मिनिटांत चालत जाता यावं. हद्द नाल्यानं, रस्त्यानं, रेल्वेरुळानं जशी पडली असेल तशी घ्या. वस्तीत एका सार्वजनिक नळावर किंवा एका शौचालयावर येणारी घरं हीच नैसर्गिक हद्द असते.

अख्खा प्रभाग हातात घेण्याचा मोह उत्साही माणसांना हमखास होतो. तो टाळा. फोन करणाऱ्याला त्या दुकानाची पायरी आणि त्या दवाखान्याचं मागचं दार माहीत असलं पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये धारावीत पहिला रुग्ण सापडल्यावर पालिकेच्या पथकांबरोबर तिथले खासगी डॉक्टर घरोघर फिरले. अडीच चौरस किलोमीटरच्या आत कित्येक लाख माणसं राहत असलेल्या त्या वस्तीत ओळखीचा डॉक्टर दारात दिसला की लोक बोलत. आपल्या दोनशे घरांतही हेच लागू आहे. शेजारच्या गल्लीला हवं असेल तर त्यांचा फळा त्यांनी सुरू करावा, आणि दोघांनी रोज एकदा एकमेकांना फोन करावा.

२. घरांची वही भरा

हे काम साथ नसताना झालं तर उत्तम. नाही तर पहिल्या दोन दिवसांत. प्रत्येक घरामागे एक ओळ: खोली किंवा फ्लॅट क्रमांक, घरात माणसं किती, साठीच्या पुढची किती, एकटं कोण राहतं, गरोदर किंवा बाळंतीण कुणी आहे का, रोजच्या औषधाशिवाय भागत नाही असं कुणी आहे का, रेशनकार्ड आहे का. दोन रकाने बहुतेक जण विसरतात. पहिला: घरात स्मार्टफोन आहे, साधा फोन आहे की काहीच नाही, आणि फोन नेमका कुणाच्या हातात असतो. दुसरा: बाहेरगावचं कुणाला कळवायचं. कोथरूडमध्ये किंवा पार्ल्यात एकटे राहणारे आई-वडील आणि अमेरिकेत किंवा दुबईत मुलं, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्या मुलाकडे शेजाऱ्याचा नंबर हवा आणि शेजाऱ्याकडे मुलाचा.

विचारताना सांगा की आजाराबद्दल सांगितलंच पाहिजे असं नाही. जे सांगतील ते वहीतच राहील. ही वही एकाच माणसाकडे, कपाटात. तिचा फोटो काढायचा नाही, तिची एक्सेल करून ग्रुपवर टाकायची नाही. कुणी नगरसेवकाकडून आलो म्हणून मागितली तरी द्यायची नाही. त्याला काय हवं ते विचारा आणि तेवढंच तोंडी सांगा.

३. कामं वाटा

चार कामं आहेत: फोन करणं, लिहिणं, फिरणं, खोडणं. फिरणारा माणूस तरुण आणि धडधाकट हवा, त्याच्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस शक्यतो नको. फोन करणारा मात्र पंचाहत्तरीचा निवृत्त शिक्षकही चालतो, किंबहुना तोच बरा: त्याच्याकडे वेळ असतो, आवाज ओळखीचा असतो आणि दुकानदार त्याला उडवून लावत नाहीत. खोडण्याचं काम वेगळ्या माणसाकडे द्या. ज्यानं लिहिलं त्याला ते खोडवत नाही.

४. कायमचे नंबर

फळ्याची डावी बाजू कायमची. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, संकटातल्या मुलांसाठी १०९८, पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. मुंबईत पालिकेचा १९१६. त्याखाली तुमच्या भागातले: महापालिकेचा दवाखाना, क्षेत्रीय कार्यालय किंवा वॉर्ड ऑफिस, रात्री उघडं असणारं मेडिकल, रेशन दुकान, गॅस एजन्सी, पाणीपुरवठा. गावात असाल तर उपकेंद्र, ग्रामपंचायत आणि आशाताई.

लिहिण्याआधी प्रत्येक नंबर एकदा लावून पाहा. १०८ आणि ११२ तेवढे विनाकारण लावू नका. बाकीच्या यादीतले दोन-तीन तरी बंद निघतात.

५. पडताळा

इथे घाई करू नका. फळ्याची सगळी किंमत या पायरीत आहे.

बातमी कुणाकडून कळली हे विचारून थांबायचं नाही. ज्याच्या हातात ती गोष्ट आहे, त्याला विचारायचं. धान्य आलं का हे रेशन दुकानदाराला. लस आहे का हे दवाखान्याला. पाणी कधी येणार हे पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला. तो कार्यालयापेक्षा नेमकं सांगतो. गल्लीचे पत्रे कधी निघणार हे पोलीस चौकीला आणि क्षेत्रीय कार्यालयाला, दोघांनाही, कारण दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. तशी आली तर दोन्ही लिहा.

फोनवर सहा गोष्टी विचारा: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कुणासाठी, कोणते कागद, किती पैसे, आणि संपलं तर पुन्हा कधी. ‘लस मिळते आहे’ ही बातमी अर्धवट आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वसामान्यांपैकी लस साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या सहव्याधी असलेल्यांनाच होती, १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना खुली झाली. पहिला डोस की दुसरा, कोविशिल्ड की कोव्हॅक्सिन, नोंदणी आधी लागते की दारात होते, यातलं एक सुटलं तरी सत्तर वर्षांचा माणूस उन्हात दोन तास उभा राहून रिकाम्या हातानं परततो. ‘बेड आहे का’ हा प्रश्नही तसाच अपुरा. साधा, ऑक्सिजनचा की आयसीयूतला? भरती थेट करता की पालिकेच्या वॉर रूममार्फत? आगाऊ रक्कम किती? चाचणीचा अहवाल आला नसेल तर घेता का? मुंबईत वॉर्डावॉर्डात वॉर रूम झाल्यावर बेड तिथूनच वाटले जात. रुग्णालयांच्या दारोदार फिरणाऱ्या नातेवाइकांना त्या वेळी ही एक ओळ सांगणं फार मोलाचं होतं.

एक पथ्य पाळा. गल्लीतल्या वीस जणांनी एकाच दवाखान्याला वीस फोन करायचे नाहीत. सकाळी ठरल्या वेळी एकानं करायचा, विचारायचं, आभार मानायचे. तिथल्या परिचारिकेला किंवा लिपिकाला हा आवाज ओळखीचा झाला की ती स्वतःहून सांगते, ‘काका, उद्या लस येणार नाही, लोकांना पाठवू नका.’ तुमच्यासाठी ही सगळ्यात पक्की बातमी.

एप्रिल २०२१ आठवून पाहा. ऑक्सिजन सिलिंडर, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा यांच्या नंबरांच्या लांबलचक याद्या फोनाफोनांत फिरत होत्या. काही नंबर बंद, काही सतत व्यग्र, काही असे की पलीकडचा माणूस आधी पैसे पाठवा म्हणे आणि मग गायब होई. राज्यात रेमडेसिव्हिर रुग्णालयांमार्फतच द्यायचं ठरलं होतं, तरी नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन त्यांना दुकानोदुकानी पाठवलं जात होतं. घरातलं माणूस धापा टाकत असताना बंद नंबर लावण्यात गेलेला तास परत मिळत नाही. म्हणून नियम कडक ठेवा: आज तुमच्यातल्या कुणी लावून, बोलून पाहिला नसेल तो नंबर फळ्यावर जाणार नाही. आधी पैसे मागणाऱ्याचा नंबर कधीच जाणार नाही.

पडताळता आली नाही अशी महत्त्वाची बातमी असेल तर? ती वेगळ्या कोपऱ्यात, ‘ऐकलेलं, खात्री नाही’ असं वर लिहून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत एक तर खात्री करा किंवा पुसा. औषधोपचाराबद्दलची ऐकीव बातमी या कोपऱ्यातही नको.

६. लिहा

प्रत्येक ओळीत गोष्ट, जागा, वेळ, आणि कुणाला विचारलं ते. वाक्यं लहान. विशेषणं नकोत, उद्गारचिन्हं नकोत, घाबरवणं नको आणि धीर देणंही नको. नमुना असा:

मंगळवार, सायंकाळी ६
पाणी: उद्या सकाळी ९ ते ११. परवा नाही. (व्हॉल्व्हमन, आज ४ वा.)
लस: पालिका दवाखाना, उद्या फक्त दुसरा डोस. टोकन ८ पासून. आधार व पहिल्या डोसचा मेसेज आणा. (दवाखाना, आज ५ वा.)
रेशन: तांदूळ आला, गहू शनिवारी. १ ते ४० नंबर उद्या सकाळी, पुढचे दुपारी. (दुकानदार, आज ३ वा.)
गिरणी: उद्या बंद. दळण गुरुवारी.
इन्सुलिन: कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे. चिठ्ठी न्या.

‘उद्या’ लिहिलं की वर वार हवाच, नाही तर बुधवारी वाचणाऱ्याचा उद्या गुरुवार होतो. अक्षर सहा फुटांवरून वाचता यावं, म्हणजे लोक फळ्याला चिकटून गर्दी करत नाहीत. एका दिवशी सात-आठ ओळी पुरे. आज सांगण्यासारखं काही नसेल तर तेही वेळ घालून लिहा: ‘मंगळवार सायं. ६: नवीन काही नाही.’ कोरा फळा पाहून लोकांना वाटतं की काम थांबलं.

गल्लीत हिंदी, कानडी, तेलुगू बोलणारी घरं असतील तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी रोज वाचून सांगायला लावा. लॉकडाउनमध्ये सर्वांत कमी बातमी पोचली ती बांधकामावरच्या आणि भाड्याच्या खोल्यांतल्या मजुरांपर्यंत. ५ किलो मोफत धान्याची योजना एप्रिल २०२० पासून होती, पण ती कार्डावर; कार्ड गावाला आणि माणूस इथे, अशांना शिवभोजन थाळी कुठे मिळते हे सांगणं अधिक उपयोगाचं होतं. ही थाळी १० रुपयांची होती, लॉकडाउनमध्ये ५ रुपये झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये काही काळ मोफत. केंद्र कुठे, किती वाजता, रोज किती थाळ्या: एवढी एक ओळ पुष्कळ पोटं भरते.

७. पोचवा

फळा लोक आधीच थांबतात तिथे लावा: दूध केंद्राजवळ, मेडिकलजवळ, सोसायटीच्या फाटकाशी. मंडळाचा किंवा वाचनालयाचा जुना वार्ताफलक असेल तर तोच घ्या. वर्गणीच्या आणि जयंतीच्या सूचना तिथे वाचायची लोकांना सवय आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर या बातमीचा ग्रुप वेगळा करा, त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय ठेवा. गप्पा, श्रद्धांजली, काढ्याच्या कृती या दुसऱ्या ग्रुपवर. दोनशे संदेशांखाली लसीची वेळ गाडली गेली तर ती सांगून न सांगून सारखीच. मजकूर टाइप करून टाका, चित्र करून नको: चित्र फिरत राहतं, त्यातली चूक दुरुस्त करता येत नाही आणि महिन्यानंतर ते दुसऱ्या गावात उगवतं.

आता ज्यांच्याकडे फोन नाही किंवा डोळे साथ देत नाहीत, त्यांचं. वहीतल्या रकान्यातून अशी दहा-पंधरा घरं निघतील. त्यांना रोज ठरल्या वेळी फोन किंवा दाराबाहेरून हाक. हाक मारताना ‘काही हवं का?’ असं विचारू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘नको रे बाबा, सगळं आहे’ असंच म्हणणार. असं विचारा: ‘आजी, मी समोरच्या वाड्यातला बोलतोय. बीपीच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि किती उरल्या ते मोजून सांगा.’ ‘काल रात्री काय जेवलात?’ ‘ऑक्सिमीटरवर काय आलं?’ मोजायला सांगितलं की खरं उत्तर येतं. ऑक्सिमीटर पाच मिनिटं शांत बसल्यावर, गरम हाताला, नेलपॉलिश नसलेल्या बोटाला लावायचं, आणि आकडा ९४ च्या खाली दिसला की डॉक्टरांना कळवायचं, हे फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून ठेवण्याजोगं होतं. पुढच्या साथीत मोजायची गोष्ट दुसरी असेल. ती डॉक्टरांना विचारून लिहा.

८. नाव लिहू नका

कुणाला लागण झाली, कोणत्या घराला विलगीकरण, कोण कुठून आलं: यातलं काहीही फळ्यावर, ग्रुपवर, बोलण्यात येता कामा नये. ‘तिसऱ्या मजल्यावरचे’ म्हटलं तरी नाव सांगितल्यासारखंच.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या माणसांच्या हातावर शिक्के मारले गेले. दारांवर फलक लागले. त्याच वर्षी एप्रिलात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की बाधितांची नावं किंवा त्यांचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर पसरवू नका. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की अधिकाऱ्यांचा कायद्यानुसार खास आदेश नसेल तर रुग्णाच्या घराबाहेर असे फलक लावू नयेत. तोवर कित्येक घरांचं दूध बंद झालं होतं, घरकाम करणाऱ्या मावशींना फाटकावरून परत पाठवलं होतं, रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकांना घर सोडायला सांगितलं गेलं होतं. नाव फुटलं की पुढचा माणूस ताप लपवतो, आणि लपवलेला ताप सगळ्या गल्लीला भोवतो. हे पुण्याला जुनंच माहीत आहे: १८९७ च्या प्लेगमध्ये घरझडतीच्या आणि छावणीत नेण्याच्या धाकानं लोक रोगी लपवत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवत राहिल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच गेल्या.

ज्या घरात लागण आहे त्या घराची गरज मात्र पोचली पाहिजे. त्यासाठी फळा नको, वही आहे. त्या घराशी एकानंच बोलायचं.

९. गरज आणि मदत यांची गाठ घाला

फळ्याखाली फोन नंबर लिहा: ‘काही हवं असेल किंवा काही देता येत असेल तर १० ते १२ मध्ये फोन करा.’ वहीच्या मागच्या पानांवर दोन बाजू: हवं आहे, देता येतं. डबा देणारी घरं, गाडी असलेला, रक्तदाता, लशीची ऑनलाइन नोंदणी करून देणारी कॉलेजातली मुलं, बँकेचं काम समजावून सांगणारा निवृत्त कारकून. डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवून दोन पावलं मागे यायचं. डबा परत नेण्याची भानगड नको म्हणून आधीच सांगायचं की भाजी त्यांच्याच भांड्यात काढून घ्या.

पैशांची पद्धत पहिल्या दिवशी ठरवा. सामानाचं बिल सामानाबरोबर, तेवढीच रक्कम, पाकिटात किंवा फोनवरून, आणि वहीत नोंद. गल्लीची वर्गणी काढून निधी जमवू नका. तो जमला की हिशेबाच्या कुरबुरी सुरू होतात आणि बातमीचं काम मागे पडतं. कुणाला पैशांची मदत हवी असेल तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची थेट गाठ घालून बाजूला व्हा.

फोनवर एखादी बाई दबक्या आवाजात बोलत असेल, मध्येच फोन ठेवत असेल, तर तो किराण्याचा फोन नसतो. तिला परत फोन करू नका. तिलाच कधी करता येईल ते विचारून ठेवा, आणि ११२ कुठल्याही फोनवरून लागतो हे सांगा. त्यासाठीही दोन बायका या कामात हव्यात.

१०. अफवा आली तर

फेब्रुवारी २०२० मध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो ही अफवा इतकी पसरली की राज्यातल्या कोंबडीपालकांचा माल मातीमोल झाला. १४ एप्रिल २०२० रोजी लॉकडाउन वाढल्याचं जाहीर झालं आणि गाड्या सुटणार असं ऐकून वांद्रे स्टेशनबाहेर मजुरांची प्रचंड गर्दी जमली. दोन्ही वेळा विचारायला जवळचं कुणी नव्हतं.

अफवा फळ्यावर लिहून तिच्याखाली ‘खोटं’ लिहू नका. लांबून जाणाऱ्याला वरची ओळच दिसते. खरं तेवढंच लिहा: ‘नीट शिजवलेलं चिकन खायला हरकत नाही.’ ‘आज एकही प्रवासी गाडी नाही. (स्टेशन, आज ११ वा.)’ फोनवर दोन बाणांचं चिन्ह असलेला, म्हणजे अनेकदा पुढे ढकललेला संदेश कुणी आणून दाखवला तर त्याला रागावू नका. ‘बरं झालं विचारलंत’ म्हणा आणि त्याच्यासमोर फोन लावा. उद्या तो पुढे ढकलण्याआधी विचारायला येईल.

११. खोडा

सकाळी आधी खोडायचं, मग लिहायचं. ज्या ओळीवर कालची वेळ आहे ती पुन्हा विचारून नवी वेळ घाला, नाही तर पुसा. ‘बहुतेक तसंच असेल’ म्हणून ठेवायची नाही.

साथीत नियम किती झपाट्यानं बदलतात ते पाहा. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ झालं, मेमध्ये १२ ते १६. घरच्या विलगीकरणाचे मे २०२० मध्ये १७ दिवस होते, जुलैत १० झाले, जानेवारी २०२२ मध्ये ७. प्लाझ्मा तर मे २०२१ मध्ये उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला, तरी दाते हवेत असे संदेश नंतरही फिरत राहिले. यातली प्रत्येक जुनी ओळ कधी काळी खरी होती, म्हणूनच ती जास्त फसवते.

चूक लिहिली गेली तर गुपचूप पुसू नका. ‘दुरुस्ती’ असं लिहून बरोबर काय ते दोन दिवस ठेवा, आणि ज्या घरांना हाक मारून चुकीचं सांगितलं त्यांना पुन्हा हाक मारा.

१२. थांबवा

साथ ओसरली की सलग दोन आठवडे फळ्यावर नवं काही येत नाही. तेव्हा तारीख जाहीर करून बंद करा. आजारांची आणि विलगीकरणाची पानं वहीतून फाडून जाळा. कायमच्या नंबरांची यादी आणि घरांची साधी यादी ठेवा, वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, नंबर लावून तपासा; डेंगीच्या दिवसांत आणि पुराच्या रात्री तीच लागते.

हे वाचत असताना तुमच्या गल्लीत साथ नसेल, तर वही भरायला हीच वेळ आहे. लोक दार उघडतात, बसा म्हणतात, चहा विचारतात. येत्या रविवारी तुमच्या जिन्यापासून सुरू करा आणि सगळ्यात आधी त्या घरी जा, जिथे एकटं माणूस राहतं आणि ज्याचा फोन नंबर तुमच्याकडे नाही.